मटकी भिजत कोण घालतं?

मंगळवारच्या डब्यात मटकीची उसळ द्यायची असेल तर तिची सुरुवात रविवारी रात्री होते. चार माणसांना एक मोठी वाटी मटकी पुरते. ती निवडायची, कारण मटकीत खडा हमखास निघतो आणि तो मटकीच्याच रंगाचा असतो. दोन-तीन पाण्यांतून धुवायची आणि भरपूर पाण्यात आठ-दहा तास भिजत ठेवायची. सोमवारी सकाळी पाणी पूर्ण निथळायचं आणि ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवायची. मे महिन्यात बारा-चौदा तासांत छान मोड येतात, डिसेंबरच्या पुण्यात मात्र जवळजवळ दिवस जातो. फडकं जास्त ओलं राहिलं की मटकी चिकट होते, आंबूस वास मारते आणि मग मंगळवारी सकाळी साडेसहाला घाईघाईत बटाट्याच्या काचऱ्या कराव्या लागतात.

म्हणजे एका डब्याच्या भाजीमागे दीड दिवस आधीची एक आठवण असते. रविवारी रात्री दहाला घरातले सगळे आडवे झालेले असताना कुणाला तरी ही आठवण होते, आणि ते माणूस उठून ओट्यापाशी जातं. बहुतेक घरांत हे माणूस कोण, ते सांगायची गरज नाही. पुढे कधीतरी चार लोकांत सहज बोललं जातं, "बायकांचं कसं सगळीकडे लक्ष असतं. पुरुषांना नाही बाई जमत ते."

मला या वाक्यापाशी थांबायचं आहे. हे कौतुकाने म्हटलं जातं, बहुतेक वेळा बायकाच म्हणतात, आणि त्यात कारण आणि परिणाम यांची जागा बदललेली असते. लक्ष असतं म्हणून मटकी भिजत पडते, असं आपण समजतो. पंधरा वर्षं रोज डबा भरावा लागला म्हणून लक्ष राहायला लागलं, ही शक्यता आपल्या मनातही येत नाही.

सामाजिक मानसशास्त्रात या उलट्या बाजूचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिस ईगली यांनी १९८० च्या दशकात मांडलेला भूमिका-सिद्धान्त थोडक्यात असा: समाजात बायका आणि पुरुष वेगवेगळ्या कामांत विभागलेले असतात. आपण त्यांना दिवसरात्र त्याच कामांत बघतो. त्या कामाला लागणारे गुण आपण त्या माणसांच्या अंगभूत स्वभावात जमा करतो. मूल सांभाळणाऱ्याला हळुवार राहावं लागतं, म्हणून बाई हळुवार. दुकान चालवणाऱ्याला ठामपणे बोलावं लागतं, म्हणून पुरुष ठाम. गुण कामाचा, नाव मात्र माणसाच्या जातकुळीचं.

ईगली आणि व्हॅलरी स्टेफन यांनी १९८४ मध्ये हे तपासून पाहिलं. त्यांनी लोकांना काल्पनिक व्यक्तींची अगदी त्रोटक वर्णनं दिली: एक बाई, एक पुरुष, कधी नोकरी करणारे, कधी घर सांभाळणारे, कधी कामाचा उल्लेखच नाही. कामाचा उल्लेख नव्हता तिथे नेहमीचा साचा उमटला, बाई मायाळू आणि पुरुष खंबीर. पण काम सांगितल्याबरोबर चित्र बदललं. घर सांभाळणारा पुरुष घर सांभाळणाऱ्या बाईइतकाच मायाळू वाटला. नोकरी करणारी बाई नोकरी करणाऱ्या पुरुषाइतकीच खंबीर वाटली. खरं तर थोडी अधिकच. लोकांच्या मनातला साचा बाईचा किंवा पुरुषाचा कमी आणि गृहिणीचा किंवा नोकरदाराचा जास्त होता.

सहा वर्षांनी कर्ट हॉफमन आणि नॅन्सी हर्स्ट यांनी याहून धारदार प्रयोग केला. बाई-पुरुष हा विषयच त्यांनी बाजूला ठेवला. एका कल्पित ग्रहावर दोन गट राहतात. एका गटातले बहुतेक जण शहरात काम करतात, दुसऱ्यातले बहुतेक जण मुलं वाढवतात. गटातल्या एकेकाची जी वर्णनं वाचायला दिली, त्यांत स्वभावाच्या दृष्टीने दोन्ही गटांत काहीच फरक ठेवलेला नव्हता. तरी वाचणाऱ्यांनी मुलं वाढवणाऱ्या गटाला प्रेमळ ठरवलं आणि शहरवाल्यांना आक्रमक. "हा गट हेच काम का करत असेल?" असा प्रश्न आधी विचारला, तेव्हा हा समज आणखी पक्का झाला. हे दोन गट म्हणजे दोन वेगळ्या जीवजाती आहेत असं सांगितलं, तेव्हाही तसंच. जे चाललंय त्याला कारण शोधायला बसलं की माणूस स्वभाव नावाचं कारण तयार करतो, मग समोर पुरावा असो वा नसो. "मुळातच तसं असतं" हे वाक्य आपल्याकडे किती सहज येतं, ते आठवून पाहावं.

आपल्याकडे याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधायची गरज नाही. जातं घ्या. पहाटे उठून घरातल्या माणसांपुरती ज्वारी-बाजरी दळायची, तर एक-दीड तास दगडी पाळी फिरवावी लागायची. खांद्याचं, पाठीचं, दंडाचं काम. हे अंगमेहनतीचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं, इतकं की त्यावर म्हटलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या पुण्यातल्या संशोधकांनी गावोगाव फिरून जमवल्या आहेत. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे बाईच्या ताकदीबाहेरचं आहे. मग विजेची चक्की आली. आता खटका दाबायचा आणि डबा लावायचा एवढंच राहिलं, दळायचं काम कितीतरी हलकं झालं, आणि गिरणीत पुरुष उभा राहिला. कारण आता त्यात पैसा होता, गिऱ्हाईक होतं, घराबाहेरचा गाळा होता. डोक्यावर डबा घेऊन गिरणीपर्यंत जाणारी बहुधा बाईच राहिली. "जड कामं पुरुषांची" हा नियम खरा असता तर हे नेमकं उलट व्हायला हवं होतं.

मुळशी, मावळ, भोरकडे जुलैत भातलावणी पाहायला मिळते. चिखलणी बैलांनी किंवा पॉवर टिलरने, ती पुरुषांची. तीन-साडेतीन आठवड्यांचं रोप उपटून, मुठी बांधून, घोटाभर पाण्यात दिवसभर वाकून लावायचं, ते बायकांचं. बांधावर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: बायकांची बोटं चपळ, त्यांच्या हाताला लावणी बसते. बसतेच, कारण दहाव्या-बाराव्या वर्षापासून ती त्याच हातांनी केलेली असते. आणि नांगराला बाईने हात लावायचा नाही, ही मनाई तर आजही कित्येक गावांत आहे. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये एक तर्क मांडला होता की जिथे हातखुरपी-कुदळीची शेती होती तिथे बायका शेतात राहिल्या आणि जिथे नांगर आला तिथे त्या घराकडे ढकलल्या गेल्या. २०१३ मध्ये आलेसिना, जुलियानो आणि नन या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी जगभरची आकडेवारी घेऊन तो तपासला. ज्यांच्या पूर्वजांची नांगराची शेती होती, त्या समाजांत आजही बायकांनी नोकरी करण्याबद्दलची मतं अधिक प्रतिकूल आढळली. त्या समाजांतून दुसऱ्या देशांत जाऊन वसलेल्यांच्या मुलांमध्येही हा फरक टिकून होता. नांगर गेला, त्याने पाडलेली कामाची वाटणी मनात राहिली.

स्वयंपाकाचं उदाहरण तर रोजचं आहे, पण ते एकदा नीट जवळून बघण्यासारखं आहे. पुण्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्यात सकाळी आठला डोकावावं. भट्टीपाशी आचारी, हातात लांब दांड्याचा झारा, समोर कमरेइतकं पातेलं. तो मीठ अंदाजाने टाकतो आणि चारशे पानांची भाजी चुकत नाही. त्याच्या मागे भिंतीला टेकून पाच-सहा बायका ओळीने बसलेल्या. एकीपुढे कोथिंबिरीचा ढीग, दोघी काकडी चोचवतायत, तिघी पुऱ्या लाटतायत. ठरवतो तो, मोबदला ठरतो त्याच्याशी, नाव त्याचं. संध्याकाळी हाच आचारी घरी गेल्यावर तिथे स्वयंपाक करणारी बहुधा त्याची बायको असते. एकच कृती चार भिंतींत केली की बाईचा उपजत गुण होते आणि मांडवात केली की पुरुषाचा हुन्नर. शिवणकाम, इस्त्री, भांडी घासणं, सगळीकडे हीच रेघ आहे: घरात फुकट ते तिचं, दुकानात पैसे घेऊन ते त्याचं.

किती फुकट, त्याचा आकडा सरकारनेच मोजला आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, मोबदला नसलेलं घरकाम दिवसभरात थोडं तरी करणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांचीच सरासरी काढली तरी बाईची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७ मिनिटं. पाच तास रोज, म्हणजे वर्षाला अठराशे तासांहून अधिक. नऊ-साडेनऊ तासांची पाळी धरली तर ही जवळपास दोनशे पाळ्यांची नोकरी झाली. एवढे तास कुठलंही काम केलं तर माणसाचा हात, डोळा, कान, झोपेची सवय, बोलण्याची पट्टी, सगळं त्या कामाच्या मापाचं होतं. कुकरची तिसरी शिट्टी दुसऱ्या खोलीत फोनवर बोलताना ऐकू येणं हा बायकांच्या कानाचा विशेष नाही. गॅसची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याच्या कानाचा तो विशेष आहे.

इथे जीवशास्त्राचा मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं बाईच्याच शरीरात आहे. सरासरीने पुरुषाच्या खांद्या-दंडांत अधिक ताकद असते. कामाची वाटणी मुळात सुरू झाली ती बरीचशी यातून, हे ईगली आणि त्यांच्या सहकारी वेंडी वुड यांनीही स्पष्ट मांडलं आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. पाजणं आईचं, हे कबूल. पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री खांद्यावर घेऊन फिरवणं, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची लस लक्षात ठेवणं, यातल्या कशालाही आईचं शरीर लागत नाही. आणि शरीरही एका जागी बसून राहत नाही. फिलिपीन्समधल्या सेबू इथे ६२४ पुरुषांचा काही वर्षं पाठपुरावा करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाप झालेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, घटलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलाचं करत होते त्यांचं सर्वांत कमी होतं. मुलाला हातात घेण्याने पुरुषाचं शरीरसुद्धा त्या कामाच्या बाजूला झुकतं.

आता आपल्याकडे हे तास कुणाला मिळतात ते बघू. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, म्हणजे १८२ दिवस. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या बापाला १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही नाही. कंपनी देईल तेवढं. मी २६ आठवडे कमी करा असं चुकूनही म्हणणार नाही, ते फार झगडून मिळाले आहेत. पण या हिशेबातून काय घडतं, ते पाहिलं पाहिजे. सहा महिन्यांत आईला भुकेचं रडणं, झोपेचं रडणं आणि पोटदुखीचं रडणं वेगवेगळं ओळखू येतं. बापाला नाही येत, कारण त्याने ते रोज अर्धाच तास ऐकलेलं असतं. मग तिसऱ्या महिन्यात तो बाळाला घेतो, बाळ रडतं, तो भांबावतो, आजी म्हणते, "दे इकडे, आईलाच कळतं ते." झालं. बाळ त्याच्या हातातून गेलं आणि त्याबरोबर पुढचे हजार तासही. हीच वाटणी मग नोकरीच्या मुलाखतीत दुसऱ्या रूपात येते: नवीन लग्न झालेल्या मुलीकडे पाहून समोरच्याच्या मनात २६ आठवडे मोजले जातात, शेजारी बसलेल्या नवऱ्या मुलाकडे पाहून काहीच मोजलं जात नाही.

पुरुषाच्या वाट्याला या साच्यातून काय येतं, याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. कमावता हा शब्दच घ्या. तो एका माणसाच्या सगळ्या अस्तित्वाला पुरतो आणि नोकरी गेली की सगळं अस्तित्व घेऊन जातो. हिंजवडीत किंवा खराडीत कामावरून कमी केलेला चाळिशीचा माणूस महिना-महिना घरी सांगत नाही, सकाळी ठरल्या वेळी बॅग घेऊन बाहेर पडतो, असं घडतं. बायको नोकरी करते आणि नवरा घर बघतो अशी जोडपी पुण्याच्या सोसायट्यांत आता आहेत, पण त्याची ओळख करून देताना "सध्या ब्रेकवर आहेत" किंवा "घरून काहीतरी करतात" असा आडोसा घेतला जातो. मृदूपणाचं तर पुरुषाला शिक्षणच मिळत नाही, कारण ज्या कामांतून तो येतो ती कामं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ कॅरल एम्बर यांनी केनियातल्या लुओ समाजात केलेला अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत मोठी बहीण नव्हती तिथे घरातली कामं आणि लहान भावंडं सांभाळणं मुलग्यांकडे आलं होतं. ही मुलं इतर मुलग्यांपेक्षा कमी भांडखोर आणि कमी दांडगाई करणारी आढळली. आईबापांनी त्यांना नवे संस्कार दिले नव्हते, घरात मुलगी नव्हती म्हणून काम त्यांच्यावर पडलं होतं.

पुणं या बाबतीत फार बोलकं शहर आहे, कारण इथे भूमिका बदलण्याचे प्रयोग दीडशेहून अधिक वर्षं चालू आहेत. १८४८ मध्ये भिडेवाड्यातली मुलींची शाळा. १८८४ मध्ये हुजूरपागा हे मुलींचं हायस्कूल. मुली दिवसभर शाळेत बसल्या तर घरकाम कधी शिकणार, हा त्या काळच्या वर्तमानपत्री वादातला खराखुरा मुद्दा होता. आज तो हास्यास्पद वाटतो, पण त्यामागची भीती अगदी बरोबर होती: दिवसाचे तास बदलले की माणूस बदलतं, हे विरोधकांना समर्थकांइतकंच कळलेलं होतं. १८९६ चा कर्व्यांचा, पुढे हिंगण्याला गेलेला आश्रम, १९०९ चं रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन, हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे. सेवासदनातून परिचारिका घडल्या, हिंगण्यातून शिक्षिका. म्हणजे बाईला बाहेर पडायला वाट मिळाली ती आधी सेवेच्या आणि शिकवण्याच्या दारातून, घरातल्या भूमिकेला लागून असलेल्या दारातून. लष्करातही तसंच झालं. पुण्यातल्याच सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात मुली कित्येक दशकं शिकतायत, कारण डॉक्टर बाई आपल्या डोळ्यांना सवयीची होती. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मात्र पहिल्या मुली २०२२ मध्ये आल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. दोन संस्थांमध्ये जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर.

आणि लुना. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने ती बाजारात आणली. पन्नास सीसी, पायंडल मारून सुरू व्हायची, गिअर नाही, साडी सांभाळून बसता यायचं. या शहरात बायका सायकली चालवत होत्याच. लुनाने त्यांना शाळा, बँक, क्लास, मंडई एका फेरीत करायची सोय दिली. त्यासाठी कुणी समानतेचं भाषण दिलं नव्हतं. पण रोज हजारो बायका रस्त्यावर गाडी चालवताना दिसायला लागल्या आणि एका पिढीत "बाई आणि गाडी?" हा प्रश्न या शहरातून जवळपास संपला. आज साठीच्या काकू स्कार्फ बांधून लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून दुचाकी काढतात तेव्हा कुणी वळून बघत नाही. पण त्याच काकू काकांबरोबर निघाल्या की हँडल काकांच्या हातात जातं आणि त्या मागे बसतात. चारचाकी असेल तर नक्कीच. एकटी असताना गाडी चालवणं हे काम असतं, दोघं असताना ती पुढची जागा असते. साचा मोडलाय तो कामापुरता. जागेचा अजून शाबूत आहे.

राजकारणात हा फरक मोजला गेला आहे. पश्चिम बंगालमध्ये सरपंचपदाचं महिला आरक्षण गावांना चिठ्ठी टाकल्यासारखं फिरतं, त्यामुळे तुलना करणं शक्य झालं. गावकऱ्यांना एकच भाषण कधी बाईच्या तर कधी पुरुषाच्या आवाजात ऐकवलं. जिथे कधीच बाई सरपंच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातलं भाषण कमी दर्जाचं ठरवलं. जिथे बाई सरपंच होऊन गेली होती तिथे हा फरक नाहीसा झाला. मात्र "तुम्हाला बाई नेता आवडेल का?" या प्रश्नाचं उत्तर तिथेही फारसं बदललं नव्हतं. कुवतीबद्दलचं मत अनुभवाने बदलतं, आवड हटत नाही. दुसऱ्या एका अभ्यासात, दोन कार्यकाळ बाई सरपंच असलेल्या गावांत मुलगे आणि मुली यांच्या शिक्षणातली दरी मिटलेली आणि मुलींचे घरकामाचे तास कमी झालेले आढळले. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा महिलांना आहेत. खुर्चीवर ती आणि कारभार सरपंचपतीचा, हा प्रकार अजून आहे, आणि या दृष्टीने तो दुहेरी घातक आहे. भूमिका कागदावर बदलते, पण गावाच्या डोळ्यांना काम करताना दिसतो तोच जुना माणूस.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा निष्कर्ष अमेरिकेतला आहे. १९४६ ते २०१८ या काळातल्या १६ जनमत चाचण्या, सुमारे ३०,००० माणसं. ईगली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्या एकत्र मांडल्या. बुद्धी आणि कुवतीच्या बाबतीत स्त्री-पुरुष सारखेच, असं म्हणणारे वाढत गेले. पण माया, हळवेपणा, समजूतदारपणा हे गुण बायकांचे, असं म्हणणारे कमी झाले नाहीत, उलट वाढले. याचं स्पष्टीकरण भूमिकांमध्येच आहे. बायका पुरुषांच्या कामांत शिरल्या, म्हणून कुवतीचा साचा हलला. पुरुष मात्र बायकांच्या कामांत तितकेसे शिरलेच नाहीत, आणि नोकरी करणाऱ्या बायकाही शिकवणं, शुश्रूषा, माणसं सांभाळणं अशाच कामांत अधिक दाटल्या. म्हणून मायेचा साचा आणखी घट्ट झाला.

पुण्यातल्या मध्यमवर्गाने या अडचणीतून जी वाट काढली ती आपल्याला ठाऊक आहे. तिची नोकरी सुरू झाली, त्याचं घरकाम सुरू झालं नाही, मधली जागा मावशींनी भरली. पोळ्यांच्या मावशी, भांड्यांच्या मावशी, बाळाला सांभाळणाऱ्या ताई. एका बाईची भूमिका बदलली ती दुसऱ्या बाईच्या श्रमावर. याच शहरात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला होता, आजारपणाची रजा मागणं हा गुन्हा नाही हे सांगण्यासाठी. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची पंचायत इथेच उभी राहिली, जिच्या सभासद बहुसंख्येने बायका आहेत. या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळाली ती झगडून. आणि घरातल्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं तर काहीच बदललेलं नसतं: ओट्यापाशी आई नाहीतर मावशी, म्हणजे बाईच. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे बाबा छापले, कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष छापला. मला ते मनापासून आवडलं. पण पुस्तकातलं पान मूल एकदा बघतं, ओटा दिवसातून तीनदा.

म्हणून काम हातात जायला हवं, आणि ते कसं देतात-घेतात याचंही एक तंत्र आहे. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींतून घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे वेगळे केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का ते बघत राहणं. ठरवणं बहुतेक जोडपी मिळून करत होती. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र प्रामुख्याने बायकांकडे होता. "मी मदत करतो ना" म्हणणाऱ्या घरांत नेमकं हेच होतं. भाजी आणायला तो जातो, पण यादी तिची. कोथिंबीर विसरली तर मंडईतून फोन तिलाच येतो.

तेव्हा द्यायचं तर अख्खं द्यावं. मटकी द्यायची म्हणजे रविवारच्या आठवणीपासून बुधवारी फडकं धुऊन वाळत घालेपर्यंत. कामही निवडून द्यावं. बिलं, गाडीचं सर्व्हिसिंग, बँक ही कामं पुरुषांकडे आधीच असतात आणि ती उद्यावर ढकलता येतात. डबा सात दहाला तयार लागतो. माणसाला घडवणारी कामं ही वेळेला बांधलेली, रोजची कामं असतात. रविवारचा एक स्पेशल पुलाव करून काही घडत नाही, फक्त ओटा भरतो. पहिले तीन-चार आठवडे चुका होणारच. मटकी आंबेल, पोळीचा नकाशा होईल, दुधाचं पातेलं उतू जाऊन शेगडीची भोकं बुजतील. या आठवड्यांत काम परत हिसकावून घेतलं की सगळं पहिल्यासारखं, वर "सांगितलं होतं ना, नाही जमत" हा शिक्काही बसतो. बाईसाठी हा भाग खरोखर अवघड आहे, कारण पोळी वातड झाली तर सासू, शेजारीण आणि शाळेतल्या बाई तिच्याचकडे बघतात. त्याच्या चुकीची किंमत तिच्या नावावर लागते. म्हणून घरातल्या मोठ्यांना आधी सांगून ठेवावं की या कामाचं विचारायचं तर ह्याला विचारा. आणि त्याने एकदा भांडी घासली म्हणून घरभर कौतुकाचा पाऊस पाडू नये. जिचं रोजचं काम कुणी बघत नाही, तिला तो पाऊस लागतो.

एक काम मात्र आजच करता येतं आणि त्याला दहा मिनिटं लागतात. मुलाच्या शाळेच्या डायरीत, बालरोगतज्ज्ञांच्या फाइलवर, पाळणाघराच्या फॉर्मवर, शाळेच्या बसवाल्या काकांकडे आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला नंबर कुणाचा आहे ते बघायचं. बहुधा आईचा असतो. तो दुसरा करायचा आणि बाबांचा पहिला. सुरुवातीचे काही महिने तरीही फोन आईलाच येईल, कारण नंबर बदलला तरी सवय बदललेली नसते. अशा वेळी तिने निरोप घेऊन पुढे पोचवायचा नाही. "त्याच्या बाबांना करा, नंबर वर आहे," एवढंच सांगायचं. दुपारी अडीचला मुलाला ताप आलाय म्हणून शाळेतून फोन येईल, बाबा मीटिंगमध्ये असतील, आणि चार लोकांसमोर त्यांना उठून म्हणावं लागेल, "मुलाला आणायला जावं लागतंय, मी निघतो." त्या खोलीत बसलेले बाकीचे जण त्या दिवशी बाप उठून जाताना बघतील.